मुकं वाचन

यंदा पऱ्हाटी लवकर फुटली. अकोल्यात पुतण्याच्या घरी ओट्यावर बसलं की समोरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जाताना दिसतात. गाडी सरकी काढायच्या जिनाकडे वळली की मागं पांढरा भुरका तरंगत राहतो आणि बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकतात. पुतण्या रोज न चुकता म्हणतो, "काका, आत बसा, नाकातोंडात जाते." मी बाहेरच बसून राहतो. म्हाताऱ्या माणसाच्या नाकातोंडात जायचं ते आधीच जाऊन बसलेलं असतं.

आत त्याची धाकटी मुलगी धडा वाचत असते. मोठ्यानं, मान डोलवत, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलून. मधेच ती गप्प झाली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "कावून थांबली वं?" आवाज चालू म्हणजे अभ्यास चालू, आवाज बंद म्हणजे पोर खिडकीतून बाहेर पाहून राहिलं, असं आपल्याकडे अजून आहे. ती पुन्हा सुरू करते आणि आतल्यांचा जीव भांड्यात पडतो. कापूस आणि धडा असे दोन्ही एकदम आले की मला एक साल आठवतं. आठवतं तरी कसं म्हणू, ते कुठं गेलेलंच नसतं. दिवाळी जवळ आली की पुढच्या खोलीत येऊन बसतं, एवढंच.

त्या साली वऱ्हाडात आगगाडी यायची होती. समुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई लागलेली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. लढाई कोणाची, कशासाठी, हे गावात कोणी विचारलं नाही. अमरावतीच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्यांची रांग आमच्या गावावरून जायची. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. घराघरांत रेचे करकरत होते. बायका लाकडी रुळांमधून कापूस ओढायच्या आणि सरकी अलीकडं टपटप पडायची. कुणबी माणूस एरवी हसायला महाग, पण त्या हंगामात लोक रस्त्यात उभं राहून कारण नसताना हसायचे. मी त्यांच्यामधून शाळेत जायचो आणि शाळेतून घरी यायचो.

मी मूळचा बाळापूरचा. गाड्यांची रांग जायची ते गाव अमरावतीच्या अलीकडचं, तिथं नवी शाळा निघाली होती आणि मी धाकटा पंतोजी होतो. त्याच साली आषाढात माझी बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तिचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, आणि आता घेऊन हाक कोणाला मारायची? ती भातकुलीकडची, खाऱ्या पाण्याच्या मुलखातली. आमच्या विहिरीचं पाणी पहिल्यांदा प्यायली तेव्हा तांब्या रिकामा करून तिनं दुसरा मागितला होता. ती फार बोलायची. भाजी निवडताना, दळताना, अंथरूण घालताना. मी उत्तर द्यावं अशी तिची अटच नसायची. माझ्याही वाटचं तीच बोलून टाकायची.

तेरावं झालं आणि मी शाळेत गेलो. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, माणूस धीराचा आहे. धीर कसला, मला काही वाटतच नव्हतं. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला असून आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. भाकरीला चव होती की नव्हती, सांगता आलं नसतं. पाऊस पडला, नाल्याला पूर आला, पोळा झाला, दसरा झाला. हे सगळं झालं हे मला ठाऊक आहे, कारण ते दर साली होतंच.

शाळा पाटलाच्या जुन्या गोठ्यात भरायची. जमीन सारवून घेतली होती, पण भिंतीत दावणीचे खुंटे तसेच होते, आणि पावसाळ्यात शेणाचा जुना वास जमिनीतून वर यायचा. थोरले पंतोजी भारदस्त आवाजाचे. त्यांनी एक ओळ म्हणायची, पोरांनी सगळ्यांनी मिळून ती उचलायची. बाराखडी, पाढे, पावकी, धडे, सगळं सुरात. अंगं पुढं-मागं हलायची. रस्त्यानं जाणारा गाडीवान गाडी हळू करून ऐकायचा आणि म्हणायचा, काय शिकून राहिले पोट्टे! एका सुरात इतक्या गळ्यांतून धडा निघाला की कोणाला वाचता येतं आणि कोण नुसतं ओढलं जातं, हे देवालाही कळलं नसतं.

शाळा तपासणारे डिपोटीसाहेब परीक्षा घ्यायला येणार अशी वर्दी आली तेव्हा ते कळून घेणं भाग पडलं. थोरल्या पंतोजींनी एकेकाला उभं करून पुस्तक हातात दिलं. बहुतेक पोरं तरली. तीन बुडाली. संध्याकाळी ते मला म्हणाले, "अहो धाकटे, हे तीन धोंडे आता तुमच्याकडे. पाझर फुटला तर पाहा. नाही फुटला तर साहेब येण्याआधी घरी पाठवू." ते वाईट मनुष्य नव्हते. माझ्यामागं काहीतरी लावून द्यावं, असंही त्यांच्या मनात असेल.

नथ्थूचं काही कठीण नव्हतं. त्याला दिसतच नव्हतं. पुस्तक नाकाला लावायचा तेव्हा सगळे त्याला हसायचे, म्हणून त्यानं लावणं सोडलं होतं. मी त्याला दारातल्या उजेडात बसवलं आणि नाकाला लावू दिलं. पुंजाला घ आणि ध एकच वाटायचे, भ आणि म एकच वाटायचे. त्याच्या घरी रेचा होता, त्याला मी ओंजळभर सरकी आणायला सांगितली आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या अक्षरावर ती एकेक मांडायला लावली. मांडता मांडता कुठं रेघ वळते आणि कुठं जोडली जाते ते बोटांना समजायचं. एकदा पाटलाची शेळी आत आली आणि तिनं पुंजाचा अख्खा भ खाल्ला. पोरं पोट धरून हसली. पुंजानं न रागावता पुन्हा मांडला, आणि मला वाटतं भ त्याच्या डोक्यात बसला तो त्या शेळीमुळेच.

तिसरा किसना. शिवराम माळ्याचा मुलगा, आठेक वर्षांचा, मोठ्या कानांचा. गावाबाहेर नाल्याच्या काठी त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, मुळे, मिरच्या. हा मुलगा सगळ्यांबरोबर धडा खडाखडा म्हणायचा. एकट्याला उभं केलं की तोंड मिटून उभा. धमकावा, चुचकारा, कान पिळा, शब्द नाही. थोरल्या पंतोजींचं निदान पक्कं होतं, "पोपट आहे. थव्यात बोलतो, पिंजऱ्यात नाही." म्हणजे याला पाठ येतं, वाचता येत नाही. आमच्या शाळेत असे पोपट पुष्कळ असत, तेव्हा मलाही ते पटलं.

मी या तिघांना दुपारी, बाकीची पोरं जेवायला गेली की घेऊन बसायचो. त्या दिवसांत मला बोलायचा फार कंटाळा होता. शब्द तोंडापर्यंत आणायचा म्हणजे विहिरीतून पोहरा ओढावा लागे. म्हणून एका दुपारी मी न बोलता पाटीवर लिहिलं, "ऊठ." आणि पाटी तिघांसमोर धरली. त्यात काही युक्ती नव्हती, नुसता आळस होता. नथ्थू पाटीला नाक लावायला पुढं सरकला. पुंजा ऊ गिरवू लागला. किसना उठून उभा राहिला.

मी पुसून लिहिलं, "दार लाव." त्यानं दार लावलं. "कोपऱ्यातला झाडू आण." झाडू आला. मी लिहीत गेलो आणि तो गोठाभर हिंडत राहिला, ओठ मिटलेले, कान लाल. पुंजा आणि नथ्थू तोंड वासून पाहत होते, कारण गुरुजी बोलत नव्हते, किसना बोलत नव्हता, आणि काम मात्र होत होतं. शेवटी मी लिहिलं, "एकटा का वाचत नाहीस?" त्यानं पाटी माझ्या हातातून घेतली आणि वेळ लावून एक शब्द लिहिला, "अडकते."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पुंजा म्हणाला, तो घरीही खुणांनी बोलायचा, किंवा एखादा शब्द कसाबसा बाहेर काढायचा, पहिल्या अक्षराशी झटून, डोळे मिटून. चारजणांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळला की अडत नसे. एकटा पडला की अडे. त्याला वाचता येत होतं, पुंजा आणि नथ्थू दोघांना मिळून येईल त्याहून जास्त. फक्त ते कोणाला ऐकू येत नव्हतं.

मी थोरल्या पंतोजींना सांगितलं. ते म्हणाले, "मनात वाचतो? ओठ हलल्याशिवाय वाचन कसलं हो? मनात वाचणारे ऋषिमुनी असतात." त्यात त्यांचं काही चुकलं असं तेव्हा कोणी म्हटलं नसतं. पोथी वाचायची ती सगळ्यांना ऐकू जावी म्हणून. चिठ्ठी आली तर ज्याला वाचता येतं त्यानं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची. गप्प बसून पुस्तकाकडे पाहणारा माणूस गावात एकही नव्हता. आज मी स्वतः दिवसभर मनात वाचत बसतो आणि घरच्यांना वाटतं, काका पेंगून राहिले.

मग वेचणी सुरू झाली. पहिल्या वेचणीआधी बायका वावरात दहीभात ठेवतात ती सीतादही झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात निम्मी पोरं दिसेनात. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं चालायच्या आणि पोरं खालची बोंडं वेचायची, ती त्यांच्याच उंचीला असतात. पांढऱ्या वावरात नुसती काळी डोकी हलताना दिसायची. माझ्याच शाळेतली डोकी, पण शाळेत असतात त्याहून आनंदात. मी रस्त्यानं जाताना ती ओरडायची, "पंतोजी, पंतोजी!" मी हात वर करायचो.

अशात शिवराम माळी शाळेच्या दारात आला. नवं पागोटं बांधलेलं, पायांना मळ्याचा चिखल तसाच. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "पंतोजी, एक इचाराचं होतं. किसना वाचते का?"

"वाचतो," मी म्हणालो.

"मले त कधी आयकू नाही आलं."

"मनात वाचतो."

त्यानं यावर नीट विचार केला. मग म्हणाला, "मनात त माहा बैलबी वाचत असन, पंतोजी."

त्यानं पागोटं सारखं केलं आणि पुढं सांगितलं, "यंदा मळ्यातला अर्धा तुकडा पऱ्हाटीले देला. वेचाले माणूस भेटून नाही राह्यलं, जो तो आपल्या वावरात. घरचं पोट्टं शाळेत बसून राह्यते, अन् लोक म्हनते का त्याले काही येत नाही. मले त्याले साहेब नाही कराचा. भाजी घेऊन मी अमरावतीले जातो, तिथं कचेरीत, बाजारात कागद दाखोवते, अन् मले लोकायच्या तोंडाकडं पाहा लागते. घरात एक वाचनारा असला त बरं, म्हून धाडला. अमुशेच्या दिवशी मळ्यात या. वाचताना आयकलं माह्या कानानं, त शिकू द्या त्याले. नाही आयकलं त वेचणीले घेतो. मंग शाळा नाही."

दिवाळी होऊन गेली होती, कार्तिकाची अमावास्या जवळ आली होती. किसना माझ्यामागं भिंतीला लागून उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. रडका नव्हता. आपल्याबद्दल मोठी माणसं बोलतात तेव्हा बैलाचा जसा असतो, तसा होता. त्या हंगामात माझ्या मनात काही हललं असेल तर तेव्हा, आणि तेही फार थोडं.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो. पुस्तक दोघांच्या गुडघ्यांवर. त्याचं बोट ओळीखाली, आणि आम्ही दोघांनी एकदम वाचायचं. थव्यात बोलतो ना, मग दोघांचा थवा. माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतके दिवस तो वापरलाच नव्हता. किसनाचा आवाज सुरुवातीला माझ्या आवाजाच्या आडून चालायचा. हळूहळू बाजूला आला. अगदी अडला तर मी थांबायचो नाही, त्याच वाक्यावर मागं जायचो आणि तो पुन्हा धरायचा. कावळ्याचा धडा झाला, गाईचा झाला, विहिरीचा झाला. मी मधेच गप्प होऊन पाहिलं. तो तत्क्षणी बंद पडला, आणि त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी परत ते केलं नाही.

पुढं काय झालं ते लोकांना ठाऊक आहे. तिकडची लढाई संपली, भाव उतरला, शेंब्या सोनाराकडं परत गेल्या. रूळ पडले, आगगाडी आली. माझी बदली झाली, मग आणखी झाली, आणि मी किती गावांच्या पोरांना बाराखडी शिकवली ते आता सांगता येणार नाही. प्रत्येक शाळेत भिंतीला लागून उभं असलेलं एखादं पोर असायचंच. कोणाला दिसत नसायचं, कोणाला ऐकू येत नसायचं, कोणाला घरी मार असायचा, कोणाचं काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळी सुधारली असं मी म्हणणार नाही. किसना मोठा होऊन काय झाला, हेही मला माहीत नाही. मला आठवतो तो अमावास्येच्या दिवसाचा मळा.

ऊन उतरायला लागलं होतं. बैल सोडले होते, अमावास्येला त्यांना जुंपत नसत. विहिरीजवळ पाट ओला होता. शिवरामनं माझ्यासाठी लिंबाखाली बाज टाकली. त्याची बायको काशी थोडी दूर बसून उद्याच्या बाजाराच्या मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हात चालूच ठेवले. किसनानं पुस्तक कापडातून काढलं.

"आमी दोघं मिळून वाचू," मी शिवरामला म्हणालो. त्यांच्यात बसलं की माझीही जीभ तशी वळायची.

"मिळून कावून?"

"त्याचं तसंच चालते. माझा आवाज हळू ठेवतो."

"बरं. तुमचा आवाज मी वळखतो," शिवराम म्हणाला. किसनानं विहिरीचा धडा उघडला होता. शिवरामनं पुस्तक त्याच्या हातून घेतलं, "हा पाठ असन," असं म्हणून काही पानं उलटली आणि अंगठा ठेवून परत दिलं. "हे वाच."

ते पान आम्ही केलेलं नव्हतं. घराचा धडा होता. किसनाचं बोट पहिल्या ओळीखाली गेलं. मी श्वास घेतला आणि आम्ही निघालो. "हे घर. घर लहान आहे. घरात आई आहे." त्याचा आवाज माझ्या बाजूनं नीट चालला होता. नवं पान, तरी अडला नव्हता. मी आवाज आणखी खाली आणला. "आई पाणी आणिते. आई दिवा लाविते. आई बोलते, मूल ऐकते."

पुस्तकात पुढं गेलेल्या पोरांना हा धडा मी किती वेळा सांगितला असेल. पोरांनी तो सुरात म्हटला असेल आणि मी भिंतीतल्या खुंट्याकडं पाहत असेन. त्या दिवशी एका मुलाच्या बोटामागं, शब्दानंतर शब्द असा वाचत होतो, आणि प्रत्येक शब्द आपलं काम करून पुढं जात होता. आई बोलते. माझ्या घरात कोणी बोलत नव्हतं. आषाढापासून बोलत नव्हतं, आणि आता बोलणार नव्हतं. हे मला तिथं, माळ्याच्या बाजेवर बसून, पहिल्यांदा कळलं. माझा आवाज बंद झाला. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत आलं तेव्हा मला समजलं की मी रडतो आहे. पुसायला हात उचलावा, एवढंही सुचलं नाही. मी थांबलो तर हा मुलगा थांबणार, आणि हा थांबला तर उद्यापासून वावरात, हेही ठाऊक होतं. तरी माझ्यानं शब्द निघेना.

किसना वाचत होता. त्याला कळलंच नव्हतं. बोट पुढं सरकत होतं आणि त्याच्यामागं त्याचा आवाज जात होता, बारीक, थोडा घोगरा. "बाप शेतातून येतो. बाप ब..." तिथं अडलं. ब पुन्हा आला, आणखी एकदा आला. त्यानं डोळे मिटले. काशीचे हात मेथीवर थांबले. शिवराम पुढं वाकला. किसनानं डोळे उघडले, बोट मागं नेलं आणि वाक्य पहिल्यापासून धरलं. "बाप शेतातून येतो. बाप बैल बांधितो. सर्व एकत्र जेवितात." धडा संपला. मग त्यानं माझ्याकडं मान वळवली.

शिवराम माझ्याकडं पाहत नव्हता, मुद्दाम पाहत नव्हता. तो विहिरीकडं पाहत म्हणाला, "आयकलं. उद्या येईन तो शाळेत."

मग तो बायकोकडं वळला. "याचा आवाज असा हाय, मले माईतच नोतं."

"मले होतं," काशी म्हणाली. तिनं नवी जुडी घेतली आणि दोरा दातानं तोडला. "झोपीत बोलते तो."